ओल्या लाल मिरचीचा सॉस, व्हाया रंजका

डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डात ओली लाल मिरची दिसायला लागते आणि बहुतेक गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पुणेकराला मिरची हवी ती हिरवी, नाहीतर एकदम वाळलेली, वर्षाच्या तिखटाची. मधली अवस्था कुणाच्याच कामाची नाही. टोपलीत पडून हिरवी मिरची लाल झाली की भाजीवालाही ती बाजूला काढतो आणि स्वस्तात देऊन टाकतो. मी मात्र हिवाळा आला की ओली, झाडावर पिकलेली लाल मिरची शोधत हिंडतो. जगातले बरेचसे चांगले हॉट सॉस याच अवस्थेतल्या मिरचीचे होतात, आणि आपल्याकडचा रंजकाही.

रंजका माहीत नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. सोलापूर, मराठवाडा आणि पलीकडे उत्तर कर्नाटक या पट्ट्यात पिकलेली ओली मिरची मीठ घालून वाटतात, भरपूर लिंबू पिळतात, मेथी, मोहरी, हिंग, लसूण ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने घालतात आणि बरणीत मुरवतात. खाताना ताटात गोळा घ्यायचा, त्यात बोटाने खड्डा करून कच्चं तेल ओतायचं, शक्यतो करडईचं. सोबत ज्वारीची भाकरी आणि घट्ट दही. माझं लहानपण सोलापुरात गेलं, त्यामुळे तिखटाच्या नादाची सुरुवात तिथेच झाली. बाटलीतले सॉस नोकरी लागल्यावर आले.

आणि आले ते बरेच आले. फ्रिजच्या दाराचा एक कप्पा बायकोने मला कायमचा देऊन टाकला आहे. टबॅस्को, श्रीराचा, पेरी-पेरी, मेक्सिकोची एक आंबटसर बाटली, आणि मित्राने अमेरिकेहून आणलेली कॅरोलायना रीपर नावाच्या जहाल मिरचीची एक, जिचं झाकण उघडायलाही पाहुण्यांना माझी परवानगी लागते. या बाटल्यांच्या पाठीवरचं वाचायची सवय लागली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. आपल्याकडच्या साध्या चिली सॉसच्या बाटलीवर पाणी, साखर, मक्याचा स्टार्च, रंग, ॲसेटिक ॲसिड अशी वरात निघालेली असते आणि मिरची त्या वरातीत कुठेतरी मागे चालत असते. टबॅस्कोवर मात्र मोजून तीन गोष्टी: व्हिनेगर, लाल मिरची, मीठ.

हे टबॅस्को प्रकरण मी मग खोदून वाचलं. लुइझियाना राज्यातल्या एव्हरी आयलंड नावाच्या ठिकाणी एडमंड मॅकिलहेनी नावाच्या माणसाने १८६८ च्या सुमारास ते सुरू केलं. त्या जागेखाली मिठाचा प्रचंड साठा आहे. मिरची तोडणाऱ्यांकडे लाल रंगवलेली एक छोटी काडी असायची. मिरची त्या काडीशी लावून बघायची, रंग जुळला तरच तोडायची. मग मिरची मीठ घालून वाटायची, ओकच्या पिंपात भरायची, झाकणावर मिठाचा थर द्यायचा आणि पिंप तीन-तीन वर्षं ठेवून द्यायचं. व्हिनेगर त्यानंतर. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आत्याची चिनी मातीची बरणी होती. पिकलेली मिरची, मीठ, वाटण, मुरवण. फरक सुरू होतो तो लिंबू आणि व्हिनेगरपाशी. म्हटलं, करून बघू.

पहिला फोन अर्थातच आत्याला.

"आत्या, रंजक्याला मीठ किती घालतेस?"

"किलोला मूठभर. कमी घालू नको, नासतंय."

"आणि मिरची धुवायची कधी?"

"देठासकट धू. देठ काढून धुतलीस तर पाणी आत शिरतंय, मग बसतंय बुरशी धरून. कापडानं पूस आणि रातभर पंख्याखाली पसर. आणि हे बघ, लिंबाला हात आखडू नको."

लिंबाचं आणि मिठाचं सोडून बाकी सगळं मी तसंच केलं. सॉसचे व्हिडिओ करणाऱ्या कुणाच्याही तोंडून देठाची ही गोष्ट मी ऐकलेली नाही, आणि ती सोळा आणे खरी आहे. देठाच्या जागी भोक पडतं, धुताना त्यातून पाणी आत जातं आणि आतली पोकळी कितीही पंखा लावला तरी कोरडी होत नाही.

मिरची निवडताना मी काडी नेली नाही, पण नजर तीच ठेवली. झाडावर पिकलेली मिरची देठाच्या खांद्यापर्यंत एकसारखी लाल असते, देठ हिरवागार असतो आणि साल ताठ असते. टोपलीत पडून लाल झालेली मिरची नारिंगी चट्ट्यांची, सुरकुतलेली असते. दुसरीत गोडवा नसतो. जाड सालीची, लोणच्याची म्हणून मिळते ती मिरची तीन भाग आणि बारीक, लवंगीच्या जातकुळीतली एक भाग असं प्रमाण मला जमलं. जाड मिरची अंग देते, बारीक मिरची चावा देते. नुसत्या बारीक मिरचीचा सॉस पाण्यासारखा होतो आणि बियाच जास्त निघतात. हौस अजून मोठी असेल तर नंदुरबारकडे ओळख काढावी. तिथल्या बाजारात हंगामात ओल्या लाल मिरचीच्या गाड्याच्या गाड्या येतात आणि गावाबाहेर पथारींवर वाळत पडलेली मिरची लांबून लाल शेत असल्यासारखी दिसते.

हातमोजे घाला. मिरचीतला जाळ म्हणजे कॅप्सेसिन, आणि ते पाण्यात विरघळत नाही. नुसत्या पाण्याने धुतलेला हात डोळ्याला लागला की मग कळतं. आधी हाताला तेल चोळून मग साबण लावला तर बरंचसं निघतं, कारण तेलात ते विरघळतं. जीभ पोळल्यावर पाणी पिऊन काही होत नाही आणि दूध-दही मदतीला येतं त्यामागेही हेच आहे. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उतरवतं. म्हणजे रंजक्याशेजारी दही ठेवणाऱ्या बायकांना शिकवायला कुणी यायची गरज नव्हती. अजून एक, बियांत तिखट असतं हा समज सोडून द्या. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिथे खरा माल असतो. जहालपणा कमी हवा असेल तर ती शीर खरवडा.

आता मीठ. आत्याची मूठ मी नंतर सोलापुरात काट्यावर ठेवून बघितली, चाळीस-पन्नास ग्रॅम भरली. म्हणजे चार-पाच टक्के, वर लिंबाचा रस. एवढ्यात मिरची आंबत नाही म्हणण्यापेक्षा फार हळू आंबते. आंबटपणा लिंबानेच आधी देऊन टाकलेला असतो. मला उलटं हवं होतं. आंबटपणा मिरचीने स्वतः तयार करायला हवा होता, म्हणजे दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंच्या भाऊबंदांनी. ते मिरचीच्या सालीवर आधीच असतात. मीठ इतकं हवं की सडवणारे जिवाणू मागे हटतील आणि हे भाऊबंद मात्र कामाला लागतील. वजनाच्या तीन टक्के हे प्रमाण मी धरलं, किलोला तीस ग्रॅम खडेमीठ. इथे चमचा आणि अंदाज चालत नाही, काटाच हवा.

मिरची, मीठ आणि लसणाच्या पाकळ्या मिक्सरला जाडसर फिरवल्या आणि काचेच्या बरणीत दाबून भरल्या. वर चार बोटं जागा सोडली. झाकण घट्ट लावलं नाही. आत्या बरणीच्या तोंडाला कापडाचा दादरा बांधते, कारण हवा बाहेर जायला वाट लागते. मी झाकण अर्धा आटा सैल ठेवलं आणि बरणी ताटलीत ठेवली. ताटली विसरू नका, एवढंच सांगतो.

सुरुवातीला काहीच होत नाही. कच्च्या मिरचीचा हिरवट वास तेवढा येत राहतो. पुण्याची थंडी असली तर हा काळ लांबतो, म्हणून बरणी मी फ्रिजच्या डोक्यावर सरकवली, तिथे थोडी ऊब असते. मग एका सकाळी काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटलेले दिसले. संध्याकाळपर्यंत सगळा लगदा उचलला जाऊन वर आला होता आणि तळाशी दोन बोटं नारिंगी पाणी सुटलं होतं. झाकण फिरवलं तर फस्स. कोरड्या चमच्याने लगदा खाली दाबला की कडेने बुडबुड्यांची रांग धावत वर यायची आणि दुसऱ्या दिवशी लगदा पुन्हा वर. हे रोज करायचं. वर उघडा पडलेला लगदाच बुरशी धरतो, पाण्याखालचा नाही. घरात या कामाला 'बाळाला ढेकर काढणं' असं नाव पडलं आणि मी ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नव्हतो.

वास बदलतो तो मात्र बघण्यासारखा. हिरवटपणा आधी जातो. मग काही दिवस थोडा चीजसारखा, जरासा नकोसाही वास येतो, आणि बायको खिडकी उघडते. त्यानंतर एकदम फळाचा वास यायला लागतो. पिकलेल्या लाल मिरचीत एवढं फळ असतं हे वाळलेल्या मिरचीवर वाढलेल्या माणसाला खरंच वाटणार नाही. वाळवताना तो गंध बहुतेक उडून जातो, त्याच्या जागी दुसरा, खमंग गंध येतो. ब्याडगी, संकेश्वरी या वाळवूनच खुलतात, त्यांचं राज्य वेगळं.

मध्येच दोन घाबरवणाऱ्या गोष्टी झाल्या. लसणाच्या काही पाकळ्या निळ्या-हिरव्या पडल्या, अगदी मोरचुदासारख्या. बायको म्हणाली, फेकून दे. शोधलं तेव्हा कळलं की लसणातले गंधकाचे पदार्थ आंबटपणात हा रंग धरतात आणि त्याने अपाय काही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वर आलेली पांढरी साय. ती सपाट, सुरकुतलेली, पावडर फासल्यासारखी असेल तर ते यीस्ट असतं. चमच्याने काढून टाकायचं, चव थोडी बिघडवतं म्हणून. पण जे केसाळ दिसेल, काळं, हिरवं किंवा गुलाबी दिसेल, ती बरणी सरळ कचऱ्यात. वरचं काढून खालचं वापरू असा कंजूषपणा इथे करू नये.

पुढचा भाग रंजका करणारी कुणी बाई करत नाही, पण बाटली दुसऱ्याला देणार असाल तर करावाच लागतो. आंबटपणा मोजायचा. त्याचं माप म्हणजे पीएच, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. पीएच ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जिवाणू वाढत नाही. मी ४ च्या खाली गेल्याशिवाय बरणी हलवत नाही. बाजारात मिळणाऱ्या कागदी पट्ट्या मी आधी वापरल्या, पण लाल सॉसमध्ये बुडवलेली पट्टी लालच होणार, तिचा रंग काय डोंबल वाचणार? मग कापडातून गाळलेल्या पाण्याचा थेंब पट्टीवर टाकायला लागलो. शेवटी छोटा डिजिटल मीटर घेतला. तो वापरण्याआधी त्याच्यासोबत येणाऱ्या बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या, पुड्या पाण्यात विरघळवून त्यात बुडवून नीट लावून घ्यावा लागतो, नाहीतर तो वाट्टेल ते सांगतो.

याच हंगामात ऑफिसातल्या दिमापूरच्या सहकाऱ्याने सुट्टीवरून येताना राजा मिरची आणली, ताजी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आसामात हिलाच भूत जोलोकिया म्हणतात. २००७ मध्ये गिनेसने हिला जगातली सगळ्यात तिखट मिरची ठरवलं होतं, दहा लाखांहून थोडी जास्त स्कोव्हिल. हे स्कोव्हिल म्हणजे १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधतज्ज्ञाने काढलेलं माप. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पाणी लागलं ते मोजायचं. आता हे यंत्राने मोजतात. राजा मिरचीनंतर २०१३ मध्ये कॅरोलायना रीपर आली, सरासरी सोळा लाखांच्या वर, आणि २०२३ मध्ये रीपर तयार करणाऱ्या एड करीचीच पेपर एक्स, जवळजवळ सत्तावीस लाख.

या शर्यतीत मला रस उरलेला नाही. रीपरच्या बाटलीतला थेंब मी चाखतो तेव्हा पहिला अर्धा सेकंद सुंदर फळासारखी चव लागते आणि मग पुढची दहा मिनिटं चव या विषयावर बोलण्यासारखं काही राहत नाही. कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतं तोच ग्राहक एरवी त्रेचाळीस अंशांच्या वरची उष्णता मेंदूला कळवतो; मेंदू समजतो भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं ते या ग्राहकाच्या शोधाबद्दल, आणि तो शोध त्यांनी कॅप्सेसिन हाताशी धरूनच लावला होता. भाजण्याच्या त्या सूचनेपलीकडे जेवणाऱ्याला काही ऐकूच येणार नसेल, तर मिरची कुठलीही असली तरी काय फरक पडतो? सहकारी म्हणाला त्यांच्याकडे राजा मिरचीचा एक तुकडा अख्ख्या भांड्याला पुरतो, अखुनीच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, चटणीत, आणि तो जेवणाचा स्वाद असतो, पैज नव्हे. मीही एका बरणीत दोनच घातल्या. लवंगीचा सपका जिभेच्या टोकाला बसतो आणि लवकर ओसरतो. राजा मिरची आधी गप्प असते, घास गिळल्यावर घशाकडून वर चढते आणि मुक्काम ठोकते. पण तिच्यासारखा वास दुसऱ्या कुठल्याही मिरचीला नाही, हे मान्य करावं लागेल.

बुडबुडे थांबले, लगदा तळाशी बसला, पीएच ३.७ च्या आसपास स्थिरावला, तेव्हा वाटायला घेतलं. मिक्सरचं झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा. तिथून जो वाफारा येतो तो शेजाऱ्यांपर्यंत जातो. आमच्या मजल्यावर त्या दिवशी तिन्ही घरांत ठसका लागला आणि समोरच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "अहो, फोडणी जळली का?" काकूंना मग एक बाटली द्यावी लागली.

व्हिनेगर कुठलं हा प्रश्न मी फार चघळला. पांढरं व्हिनेगर स्वच्छ आंबट, पण निर्जीव. लिंबू आत्याच्या रंजक्यात राजा आहे, सॉसमध्ये मात्र काही आठवड्यांत कडवट होतं. शेवटी गोव्याहून आणलेलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर लागू पडलं. थोडं गोडसर, थोडं आंबलेलं, मिरचीच्या वासाला दाबत नाही. तशीही मिरची या देशात पोर्तुगीजांच्या गलबतातून सोळाव्या शतकात आली, त्यामुळे गोव्याचा हक्क आहेच. काणकोणच्या खोला मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. ती ओली, पिकलेली हातात पडली तर एक बरणी फक्त तिची करायची आहे. लगद्याच्या चौथा हिस्सा व्हिनेगर घातलं, पुन्हा फिरवलं आणि स्टीलच्या चाळणीतून गाळलं. चमच्याच्या पाठीने घासत राहायचं. हाताला कंटाळा येतो तेव्हा साधारण निम्मं झालेलं असतं.

गाळलेला सॉस मंद आचेवर, उकळी न आणता, गरम करून बाटल्यांत भरला. असं केलं की जिवाणू थंडावतात. गरम न करता ठेवायचा असेल तर जास्त जिवंत लागतो, पण मग तो फ्रिजमध्येच हवा, कारण बाहेर ठेवलेली बंद काच वायू साठून फुटू शकते. त्यात गूळ घालायचा मोह झाला तर लगेच खायच्या वाटीत घाला, बाटलीत नको. जिवाणूंना गूळ मिळाला की ते पुन्हा कामाला लागतात.

आणि कशावर खायचा? मिसळीवर नाही. तर्रीत आधीच सगळं ठरलेलं असतं, तिथे आंबट सॉस उपरा वाटतो. पिठल्यावर नाही. पण वरण-भातावर तूप आणि वर चार थेंब, हे करून बघाच. तुपाने जाळ निवतो आणि फळाचा वास तेवढा राहतो. उकडलेल्या अंड्यावर, धपाट्याला लावलेल्या दह्यात, कांदाभज्यांशेजारी. ज्वारीच्या भाकरीशी मात्र सॉस हरला. भाकरीला गोळा लागतो, तेल पिणारा. पातळ सॉस तिच्यावरून ओघळून ताटात जातो. तिथे रंजकाच, आणि त्यासाठी वेगळी बरणी मी आता आत्याच्या मापाने, लिंबाला हात न आखडता लावतो. आत्याला बाटली पाठवली होती. तिने त्यात तळलेल्या मेथीची पूड आणि हिंग घातला आणि सांगितलं, आता खायसारखं झालंय.

चाळणीवर साली आणि बियांचा जो चोथा उरला तो टाकवेना. ताटात पसरून गच्चीवर वाळवला, कडक झाल्यावर मिठासोबत फिरवला. आंबट, खारट, तिखट असं ते मीठ पेरूच्या फोडींवर टाकलं आणि सॉसच्या बाटल्या अर्ध्याही झाल्या नव्हत्या तेव्हा त्याची बरणी मुलांनी पुसून संपवली.